उलट्या स्वल्पविरामाची कुळकथा

इंग्रजी मजकुरात ‘ ’ असे दिसणारे एकेरी अवतरणचिन्ह छापखान्यात आले ते उसनवारीवर. मिटणाऱ्या बाजूला अपॉस्ट्रॉफीचा खिळा लावायचा आणि उघडणाऱ्या बाजूला स्वल्पविरामाचा खिळा डोक्यावर उभा करायचा, एवढीच त्याची सामग्री. स्वल्पविराम खिळ्याच्या तोंडावर खालच्या अंगाला कोरलेला असतो. खिळा उलटा बसवला की तोच आकार ओळीच्या माथ्याशी जातो आणि त्याची शेपटी वर वळते. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. अक्षर सुलटे बसले की नाही, हे जुळाऱ्याला न पाहता बोटानेच कळावे म्हणून ती ठेवलेली असते. उघडणारे अवतरणचिन्ह लावताना ती खाच जाणूनबुजून उलट्या दिशेला ठेवावी लागे. ब्रिटिश इंग्रजीत या चिन्हांना आजही ‘इन्व्हर्टेड कॉमाज’ म्हणतात, ते या कृतीवरून. एकेरी चिन्ह केव्हा वापरावे आणि दुहेरी केव्हा, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांत शिकवला जात असला तरी त्याची उत्तरे मुख्यतः छापखान्यांनी आणि प्रकाशनसंस्थांनी ठरवली आहेत, आणि ती वेळोवेळी बदललीही आहेत.

या चिन्हाचे मूळ अवतरणाशी संबंधित नव्हते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील पंडित ॲरिस्टार्कस होमरच्या काव्याची पाठचिकित्सा करीत असताना काही ओळींच्या डाव्या समासात > अशा आकाराची खूण करीत असे. तिला डिप्ले म्हणत. या ओळीविषयी काही सांगण्यासारखे आहे, एवढाच तिचा अर्थ. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी तीच खूण उचलली आणि धर्मग्रंथातून घेतलेली वचने दाखवण्यासाठी वापरली. सेव्हिलचा बिशप इसिडोर हा ६३६ मध्ये वारला. त्याच्या ‘एटिमॉलॉजीज’ या कोशवजा ग्रंथात डिप्लेचा हा उपयोग नोंदवलेला आहे. ही खूण मजकुराच्या बाहेर, समासात असे. या ओळीत कुणाचे तरी वचन आहे हे तिच्यावरून कळे. ते नेमके कोणत्या शब्दाला सुरू होते आणि कोणत्या शब्दाला संपते, हे कळत नसे. वाचणाऱ्याला वचने पाठ असत, त्यामुळे त्याचे अडतही नसे.

मुद्रण आल्यावर समासातल्या या खुणेची जागा स्वल्पविरामांच्या जोडीने घेतली, कारण तो खिळा प्रत्येक छापखान्यात भरपूर होता. सोळाव्या शतकातील युरोपीय पुस्तकांत महत्त्वाच्या उताऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अशी जोडी दिसते. मात्र ‘हे दुसऱ्याचे शब्द आहेत’ असे तेव्हा तिला सांगायचे नसे. ‘हे वाक्य वहीत उतरवून घेण्याजोगे आहे’ असाच तिचा रोख असे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ची पहिली छापील आवृत्ती १६०३ ची. तीत मुलाला उपदेश करणाऱ्या बापाच्या ओळींना समासात अशी चिन्हे लावलेली आहेत. ते पात्र कुणाचे वचन उद्धृत करीत नाही. उलट वाचकाने ते उपदेश उचलून खुशाल आपले म्हणून वापरावेत, असे मुद्रक सुचवतो. आज ज्या चिन्हाने शब्दांवरची मालकी दाखवली जाते, ते त्या काळी शब्द सर्वांना खुले असल्याचे सांगत होते.

संवाद दाखवण्यासाठी तेव्हा वेगळी सोय होती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अवतरणचिन्ह एकही नाही. ‘तो म्हणाला’ असे शब्द, त्यामागे स्वल्पविराम आणि बोलण्याच्या पहिल्या शब्दाला मोठे अक्षर, एवढ्यावर सारा व्यवहार चाले. बोलणे कुठे संपले हे अर्थावरून ओळखायचे.

ही सोय अपुरी पडली ती अठराव्या शतकातील कादंबरीत. सॅम्युअल रिचर्डसन हा त्या शतकातील मोठा कादंबरीकार आणि लंडनमधील मुरलेला मुद्रकही. हा योग या चिन्हाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. १७४७-४८ मध्ये निघालेली त्याची ‘क्लॅरिसा’ पूर्णपणे पत्रांतून सांगितलेली आहे. पत्र लिहिणारी व्यक्ती दुसऱ्याचे बोलणे सांगते, त्या बोलण्यात तिसऱ्याचे शब्द येतात, कधी एका पत्रात दुसऱ्या पत्राचा तुकडा येतो. बोलण्यात बोलणे असे अडकले की समासातली खूण निरुपयोगी होते. चिन्ह ओळीच्या आत, शब्दाला चिकटून यावे लागते, आणि आतल्या-बाहेरच्या बोलण्यासाठी दोन निराळी चिन्हे लागतात. एकेरी आणि दुहेरी या भेदाला खरे काम मिळाले ते इथे.

बदल एका झटक्यात झाला नाही. अठराव्या शतकाचा बराच काळ चिन्ह बोलण्याच्या सुरुवातीला लागे आणि शिवाय बोलणे चालू असेपर्यंत प्रत्येक ओळीच्या डोक्यावरही लागे. वीस ओळींचे भाषण असेल तर वीस वेळा. पानावर डावीकडे स्वल्पविरामांची माळच लोंबत असे. शतकाच्या अखेरीस ही माळ गळून गेली, पण तिचा एक मणी अजून शिल्लक आहे: उद्धृत मजकूर अनेक परिच्छेदांचा असेल, तर प्रत्येक नव्या परिच्छेदाच्या आरंभी उघडणारे चिन्ह पुन्हा लावायचे आणि मिटणारे मात्र फक्त शेवटच्या परिच्छेदानंतर. इंग्रजी शिकणाऱ्याला हा नियम विक्षिप्त वाटतो. त्याचे कारण व्याकरणात सापडत नाही, जुन्या पानाच्या समासात सापडते.

चिन्हांच्या आत केवळ जसेच्या तसे शब्द येतात, हा दंडकही तेव्हा पक्का झाला नव्हता. ‘मी येईन’ असे बोललेले वाक्य ‘तो येईल’ असे फिरवून चिन्हांत घातले तरी कुणी हरकत घेत नसे. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत, असे अप्रत्यक्ष बोलणे अवतरणचिन्हांत सर्रास भेटते. शब्दाशब्दाची हमी देणारे चिन्ह ही त्यामानाने अलीकडची गोष्ट आहे.

उलटा स्वल्पविराम या काळात आणखीही कामे करीत होता. स्कॉटिश आडनावांतील ‘मॅक’ हा उपसर्ग रोमन एम् आणि त्यापुढे लहान, उंचावलेला सी असा लिहीत. तो छोटा सी सगळ्या छापखान्यांत नसे. तेव्हा त्याच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा उलटा स्वल्पविराम बसवून वेळ मारून नेत, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत ही आडनावे तशीच छापलेली आढळतात. अरबी-फारसी नावांच्या रोमन लिप्यंतरात ‘ऐन’ या अक्षरासाठीही हाच खिळा वापरला गेला. दख्खनच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथांत आदिलशहाच्या नावाआधी एक सुटे, कधीच न मिटणारे एकेरी चिन्ह दिसते ते यामुळे. ते छपाईची चूक समजून काढून टाकणारे मुद्रितशोधकही असतात.

बाहेर दुहेरी आणि आत एकेरी, की बाहेर एकेरी आणि आत दुहेरी, यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही एकमत नव्हते. ब्रिटिश म्हणून ओळखली जाणारी एकेरी पद्धत रुजवण्यात ऑक्सफर्डच्या छापखान्याचा वाटा मोठा आहे. होरेस हार्ट हा १८८३ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा प्रमुख होता. जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्यासाठी त्याने नियमांची एक छोटी पुस्तिका १८९३ मध्ये छापली. ती घरगुती वापरासाठी होती. बाहेरच्या लोकांना ती १९०४ मध्ये विकत मिळू लागली, आणि ‘हार्ट्स रूल्स’ या नावाने पुढे इंग्रजी मुद्रणाचा आधारग्रंथ ठरली. पहिल्या अवतरणाला एकेरी, अवतरणातल्या अवतरणाला दुहेरी, अशी तिची शिकवण.

यामागची कारणे दोन प्रकारची आहेत. एक काटकसरीचे: साधे काम लहान चिन्हाने होत असेल तर मोठे कशाला? दुसरे डोळ्याचे: संवादांनी भरलेल्या पानावर दुहेरी चिन्हांची गर्दी झाली की ओळींच्या माथ्याशी पांढरे खड्डे पडल्यासारखे दिसतात, एकेरी चिन्हाने पान एकसारखे राहते. एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात एकेरीलाच सयुक्तिक ठरवले. मात्र लोकांना ठळक दिसणारे दुहेरीच आवडते, हेही प्रांजळपणे नोंदवले. तर्क एकेरीकडे आणि आवड दुहेरीकडे, अशी ही विभागणी आजतागायत टिकून आहे.

एकेरीला सामान्य वाचकाच्या हातात पोचवण्याचे बरेचसे श्रेय पेंग्विनला द्यावे लागते. जर्मनीत वाढलेला अक्षररचनाकार यान चिखोल्ड १९४७ मध्ये पेंग्विनमध्ये आला आणि दोन वर्षांत त्याने त्या स्वस्त पुस्तकांचे अंतरंग बदलून टाकले. त्याने चार पानांची जुळणीची नियमावली तयार केली. तीतही पहिले अवतरण एकेरी आणि आतले दुहेरी असाच आदेश होता. निरनिराळ्या छापखान्यांत छापल्या जाणाऱ्या लाखो प्रतींना तो लागू झाल्यावर दोन पिढ्यांच्या वाचकांना इंग्रजी पुस्तकाचे पान तसेच दिसायची सवय झाली.

अमेरिकेने उलट वाट धरली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली १९०६ मध्ये प्रथम निघाली. दुहेरी चिन्ह बाहेर आणि एकेरी फक्त आत, ही तिथली प्रस्थापित पद्धत. एकेरी चिन्हाला अमेरिकी गद्यात स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नाही. ते दुहेरीच्या पोटात राहते. “आजी म्हणाली, ‘उद्या ये,’” अशा वाक्यात शेवटी तीन टिंबशेपट्या एकापुढे एक येतात त्या या पद्धतीमुळे. त्या उदाहरणातला स्वल्पविराम चिन्हांच्या आत गेला आहे, तोही अमेरिकी रिवाज आहे. तिथे पूर्णविराम आणि स्वल्पविराम अर्थाचा विचार न करता मिटणाऱ्या चिन्हाच्या आत घेतात. ब्रिटिश पद्धतीत विरामचिन्ह मूळ बोलण्यातले असेल तर आत, आपल्या वाक्याचे असेल तर बाहेर. फाउलर आणि त्याचा भाऊ यांनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात याच तर्काची बाजू घेतली होती. तर्काच्या कसोटीवर ब्रिटिश पद्धत सरस आहे यात शंका नाही; जुळाऱ्याला विचार करायला लावत नाही, हे अमेरिकी पद्धतीचे बळ.

ब्रिटिश पद्धतीचा दुबळेपणा दुसरीकडे आहे. मिटणारे एकेरी चिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी यांचा आकार एकच. शब्दातून अक्षर गळाल्याचे दाखवणारी अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचवरून आली; षष्ठीसाठी तिचा वापर पुढे वाढत गेला, आणि अनेकवचनी षष्ठीत ती शब्दाच्या शेवटी येऊ लागली. आता एकेरी चिन्हांत ‘द बॉइज’ हॉस्टेल’ असे लिहिले, की वाचकाचा डोळा ‘बॉइज’पाशीच थांबतो, अवतरण तिथे संपले असे त्याला वाटते, आणि ‘हॉस्टेल’नंतर पुन्हा एक शेपटी दिसली की तो गोंधळून मागे जातो. लंडनच्या गल्लीतले बोलणे लिहिताना अडचण आणखी वाढते. तिथे शब्दारंभीचा ‘ह’ गाळून ’अ‍ॅव्ह, ’इम असे उच्चारतात. एकेरी चिन्हांत घातलेल्या अशा संवादात दर तिसऱ्या शब्दाला एक शेपटी लटकते, आणि त्यातली अवतरणाची कोणती नि गळलेल्या अक्षराची कोणती, हे निवडत बसावे लागते. एकेरीचे पुरस्कर्ते या मुद्द्यावर सहसा घाईने पुढे सरकतात.

काही लेखकांनी दोन्ही चिन्हांना नकार दिला. जेम्स जॉइसला ती पानावर विद्रूप वाटत, म्हणून १९२२ च्या ‘युलिसिस’मध्ये संवादाच्या आरंभी फक्त आडवी रेघ आहे.

वृत्तपत्रांनी ब्रिटनमध्येही वेगळी तडजोड केली. ‘द गार्डियन’सारखे पत्र बातमीच्या मजकुरात दुहेरी चिन्ह वापरते आणि मथळ्यात एकेरी. मथळ्याच्या मोठ्या अक्षरांत दुहेरी चिन्ह फार जागा खाते, हे त्याचे साधे कारण. पण मथळ्यात स्थिरावल्यावर एकेरी चिन्हाला नवा अर्थ आला. मंत्र्याने केलेला आरोप, पोलिसांचा दावा, अहवालातले ठपक्याचे विशेषण एकेरी चिन्हांत घातले, की ‘हे आम्ही म्हणत नाही, ते म्हणतात’ असे पत्राला सुचवता येते. चिन्हांतले शब्द कित्येकदा कुणाच्याच तोंडचे नसतात. ते उपसंपादकाने केलेले सार असते. म्हणजे ऑस्टेनच्या काळची सैल रीत मथळ्यांत परत आली आहे. शब्दावर अविश्वास दाखवण्यासाठी लावलेल्या चिन्हांना इंग्रजीत ‘स्केअर कोट्स’ म्हणतात. हा शब्दप्रयोग तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकोम यांच्या १९५६ च्या एका लेखात आढळतो.

एकेरी चिन्हाला सर्वांत काटेकोर अर्थ दिला तो शास्त्रांनी. तर्कशास्त्रात वस्तू आणि वस्तूचे नाव यांत गल्लत चालत नाही. पुणे हे शहर आहे आणि त्यात लाखो लोक राहतात. ‘पुणे’ हे नाव आहे आणि त्यात दोन अक्षरे आहेत. अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइन याने १९४० च्या ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’ या ग्रंथात शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांतील हा भेद आग्रहाने पाळला आणि उल्लेखासाठी एकेरी चिन्ह वापरले. दुहेरीचा देश असलेल्या अमेरिकेतही तत्त्वज्ञानाच्या लेखनात एकेरी टिकले ते या कामासाठी. भाषाशास्त्रात ते शब्दाचा अर्थ देताना लागते: मूळ शब्द तिरप्या अक्षरांत, अर्थ एकेरी चिन्हांत. राल्फ टर्नर याचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात संस्कृत, प्राकृत आणि मराठीसह अनेक भाषांतील शब्दांचे अर्थ असेच दिलेले आहेत.

वनस्पतिशास्त्रात तर एकेरी चिन्ह नावाचाच भाग आहे. लागवडीतल्या वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या नियमांनुसार जातीचे लॅटिन नाव तिरप्या अक्षरांत आणि लागवडीतल्या वाणाचे नाव सरळ अक्षरांत, एकेरी चिन्हांच्या आत लिहायचे. दुहेरी चिन्ह इथे चालत नाही. रत्नागिरी-देवगडचा हापूस शास्त्रीय लेखनात मँगिफेरा इंडिका ‘अल्फान्सो’ असा येतो. चिन्ह काढले तर वाण राहत नाही. छापखान्यांच्या मर्जीवर इतकी शतके हेलकावे खाल्लेल्या चिन्हाला इथे नियमाचे पाठबळ मिळाले, आणि तेही बागाइतदारांच्या सोयीसाठी, हे गमतीचे आहे.

१८७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या रेमिंग्टन टंकयंत्रापासून पुढे मात्र चिन्हाचे रूप पुसट होत गेले. कळा मोजक्या असल्यामुळे उघडणारे, मिटणारे आणि अपॉस्ट्रॉफी या तिघांना मिळून एक सरळ उभी रेघ देण्यात आली. तीच रेघ फूट आणि मिनिटे दाखवायलाही वापरत. उद्गारचिन्हाची कळ नसलेल्या यंत्रावर हीच रेघ मारून, एक घर मागे येऊन तिच्याखाली पूर्णविराम ठोकत. संगणकाच्या ॲस्की संकेतावलीने १९६३ मध्ये हा वारसा पुढे चालवला; तीत सरळ रेघेचा क्रमांक ३९. उघडणाऱ्या चिन्हासाठी बरेच प्रोग्रामर ९६ क्रमांकाचे डावीकडे झुकलेले आघातचिन्ह वापरत, आणि डोनाल्ड क्नूथच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आजही उघडणारे चिन्ह तसेच टंकावे लागते. युनिकोडने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या चिन्हांना पुन्हा वेगळे क्रमांक दिले, पण अपॉस्ट्रॉफीसाठी मिटणाऱ्या चिन्हाचाच क्रमांक वापरावा असे सुचवले. जुनी जुळ्यांची गाठ त्यामुळे सुटली नाही. लेखनाची सॉफ्टवेअर सरळ रेघेचे आपोआप वळणदार चिन्ह करतात ते मागे मोकळी जागा आहे की अक्षर, एवढेच पाहून. म्हणून इंग्रजीत नव्वदचे दशक लिहिताना ९० च्या आधी गळलेल्या १९ साठी जी अपॉस्ट्रॉफी हवी, तिथे उघडणारे अवतरणचिन्ह उलटे येऊन बसते. दुकानांच्या पाट्यांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत ही चूक पाहायला मिळते.

भारतात इंग्रजीबरोबर दोन्ही पद्धती आल्या. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने १९१२ मध्ये मुंबईत शाखा उघडली, आणि त्याच्या पुस्तकांतून एकेरी पद्धत इथल्या वाचकांसमोर राहिली. पण शाळेत पाठ होत असे ते रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यांतला पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होता. त्या पुस्तकात बोलणे दुहेरी चिन्हांत आणि त्यातले अवतरण एकेरीत आहे. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने व्याकरणात एक शिकायचे आणि पेंग्विनच्या कादंबरीत दुसरे पाहायचे, असे अनेक पिढ्या चालले.

मराठीत ही चिन्हे इंग्रजीवरूनच आली. हस्तलिखित पोथ्यांत दंडाखेरीज विरामचिन्ह नसे; कुणाचे बोलणे संपले हे ‘ऐसे’, ‘म्हणोनि’ अशा शब्दांनी कळे. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातील सहकारी मेजर थॉमस कँडी याने १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहून इंग्रजी चिन्हांची पद्धत मराठीला लावून दिली. शालेय व्याकरणात कामांची वाटणी पुढे अशी झाली: बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी चिन्हांत, आणि जोर द्यायचा शब्द, ग्रंथाचे वा नियतकालिकाचे नाव एकेरीत. छापील इंग्रजीत पुस्तकांची नावे बहुधा तिरप्या अक्षरांत देतात. देवनागरी खिळ्यांत तिरपे वळण सहज मिळत नसल्यामुळे ते काम मराठीत एकेरी चिन्हाकडे आले.

ते काम करताना त्याला इंग्रजीत न उद्भवणारी एक अडचण सोडवावी लागते. मराठीत नामाला प्रत्यय जोडला की नामाचे रूप बदलते, आणि नावाचे रूप बदलून चालत नाही. म्हणून नाव चिन्हांच्या आत जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय मिटणाऱ्या चिन्हाला बाहेरून, मध्ये जागा न सोडता चिकटतो: ‘केसरी’ने, ‘किर्लोस्कर’मध्ये, ‘सकाळ’चा. सकाळचा अंक म्हणजे सकाळी निघालेला कोणताही अंक, आणि ‘सकाळ’चा अंक म्हणजे त्या नावाच्या दैनिकाचा, मग तो दुपारी हाती पडला तरी.